माठाला घाम का येतो?

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं घालते. बादली गळायला लागली की आपण ती फेकून देतो. पिंप गळायला लागलं की बाबा त्याला एम-सील लावतात. पण घरात एक भांडं असं आहे की, ते थोडं थोडं पाझरतं म्हणूनच आपण पैसे देऊन आणतो! आणि ते पाझरायचं थांबलं की आजी म्हणते, "गेलं हे आता कामातून." ओळखा पाहू!

शीर्षक आधीच वाचून बसलेल्या चलाख मंडळींना गुण मिळणार नाहीत, बरं का!

तर हे भांडं म्हणजे आपला माठ. लहानपणापासून मी माठातलं पाणी पीत आले. पण ते गार का होतं, हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते शिक्षिका झाल्यावर, आणि तेसुद्धा माझी चांगली फजिती झाल्यावर. तीच गंमत आज सांगते.

ही गोष्ट २०२४ सालच्या एप्रिल महिन्यातली. उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची भरते. तरी साडेदहा-अकरा वाजले की पत्र्याचा वर्ग तव्यासारखा तापतो. आमच्या बीड जिल्ह्यातला उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही, त्यांना तो सांगून कळायचा नाही. पारा चाळिशी ओलांडतो, ओढे-नाले कधीच आटलेले असतात, आणि वारा सुटला की चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं. मुलांना प्यायला गार पाणी हवं, म्हणून मी आठवडी बाजारातून दोन माठ आणले. दोन्ही एकाच ठिकाणचे, सारख्याच आकाराचे.

आता माठ आणले ते आणले, तेवढ्यावर मला कुठलं राहवतंय! भिंतीवर चित्रं काढली होती, त्यातला थोडा ऑइलपेंट डब्यात उरला होता. म्हटलं, माठ रंगवू या. चौथीच्या वर्गाने एक माठ घेतला, त्याला निळ्या रंगाचे दोन हात दिले आणि वर पिवळे मोर काढले. असा देखणा माठ झाला म्हणता! दुसऱ्या माठाची पाळी आली तेव्हा रंग संपला. तो बिचारा तसाच लाल राहिला.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की पाणी प्यायला रांग लागते ती सगळी लाल माठापुढे. मोराच्या माठाकडे कोणी फिरकत नाही. मी पाणी पिऊन पाहिलं. लाल माठातलं गारेगार, आणि मोराच्या माठातलं नळाच्या पाण्यासारखं कोमट! मला वाटलं, ह्या माठावर ऊन येत असेल. म्हणून दोघांच्या जागा बदलल्या. तरी तेच. वाटलं, झाकण नीट नसेल. झाकणंही बदलली. तरीही तेच!

मी माठाभोवती फिरत होते, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, त्याला घाम येत नाही आता."

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. मी जाऊन दोन्ही माठांना हात लावून पाहिला. लाल माठ बाहेरून ओलसर, गार. निळा माठ कोरडा ठणठणीत.

मुलांनो, आता नीट लक्ष द्या. माठाची भिंत आपल्याला सलग दिसते, पण ती तशी नसते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी त्या छिद्रांतून हळूहळू बाहेरच्या अंगाला येतं आणि तिथे त्याची वाफ होते. बाष्पीभवन तुम्ही पुस्तकात शिकलाच आहात. वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवरच्या पाण्याला ती जाळातून मिळते. पण माठाखाली कुठे जाळ असतो? मग ते बाहेर आलेलं पाणी उष्णता घेतं ती माठातून, आतल्या पाण्यातून आणि जवळच्या हवेतून. जाणारं पाणी उष्णता घेऊन जातं आणि राहिलेलं पाणी गार होतं. तुम्ही खेळून घामाघूम झालात आणि वाऱ्याची झुळूक आली की गार वाटतं ना? अगदी तेच.

थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे. उन्हाळ्यातल्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. आणि १ ग्रॅम पाणी १ अंशाने गार करायचं तर त्यातून १ कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे १ ग्रॅम पाणी उडून गेलं, की ते ५८० ग्रॅम पाण्याला १ अंशाने गार करू शकतं. आता माठात १० लिटर, म्हणजे १०,००० ग्रॅम पाणी आहे. ते १० अंशांनी गार करायला किती पाणी उडून जावं लागेल? करा भागाकार. उत्तर येतं सुमारे १७२ ग्रॅम. एक लहान पेलाभर! प्रत्यक्षात ह्याहून जास्त पाणी जातं, कारण बाहेरची गरम हवा माठाला सारखी तापवत असते. पण हिशेब असा आहे. थोडं पाणी गमवायचं आणि बाकीचं गार करून घ्यायचं.

हवा जितकी कोरडी, तितकी वाफ लवकर होते. म्हणून आपल्या मराठवाड्यात माठ फार छान काम करतो. माझी मावसबहीण रत्नागिरीला दिली आहे. ती दर उन्हाळ्यात म्हणते, "तुमच्याकडच्यासारखं गार पाणी आमच्या माठात होतच नाही गं." तिचा माठ वाईट नाही. तिकडच्या हवेतच इतकी वाफ भरलेली असते की माठाचा घाम वाळत नाही. पावसाळ्यात आपल्याकडेही तसंच होतं.

आणि मी काय केलं होतं? ऑइलपेंटने माठाची सगळी छिद्रं बुजवून टाकली होती! मोर छान होते, पण पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती.

लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवा. ती किती चकचकीत असते! तिच्यावर झिलई असते. झिलई म्हणजे एक प्रकारच्या काचेचा पातळ थर. त्यामुळे बरणीतून तेल किंवा खार बाहेर येत नाही. लोणच्याला तेच हवं. पण बरणीत पाणी भरून ठेवलं तर ते माठासारखं गार व्हायचं नाही. माठाला झिलई नसते, आणि ती नसणं हाच त्याचा गुण आहे.

आता तुम्ही विचाराल, त्या मुलाला हे कसं ठाऊक? मीही त्याला तेच विचारलं. तो मान खाली घालून गप्प. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलांनी मला सांगितलं, "बाई, तो कुंभाराचा आहे. आम्ही त्याला मडकं म्हणतो."

हे मला माहीत नव्हतं, ह्याचीच मला लाज वाटली. हजेरीपटावर नाव रोज वाचत होते, पण घरी काय काम चालतं हे कधी विचारलं नव्हतं. पुढचं तर आणखी अवघड आहे. मी ते दोन माठ ज्या आजीकडून घेतले होते, ती ह्याचीच आजी. दोन माठांमागे वीस रुपये कमी कर म्हणून मी तिच्याशी चांगली पाच मिनिटं घासाघीस केली होती, आणि हा पठ्ठ्या माठांच्या राशीमागे बसून ते सगळं बघत होता! मी त्याला पाहिलं नाही. त्याने मला पाहिलं. वर्गात माठ रंगवताना तो बोलला का नाही, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. चौथीची दहा-बारा मुलंही आली. अंगणात त्याचे वडील माती तुडवत होते. मोराच्या माठाची हकीकत सांगितल्यावर ते खदखदून हसले. म्हणाले, "आवं बाई, तुमी त्येचं नाकच दाबलं की!"

मग त्यांनी आम्हाला सगळं काम दाखवलं. तलावातला गाळ आणून तो आधी वाळवायचा, फोडायचा, चाळायचा आणि भिजत घालायचा. आपल्याकडची काळी माती फार चिवट. ती ओली असताना फुगते आणि वाळताना तडकते. शेतातल्या भेगा तुम्ही पाहिल्या आहेतच. म्हणून नुसत्या मातीचा माठ टिकत नाही. त्यात राख, बारीक भुसा आणि गाढवाची किंवा घोड्याची लीद मिसळतात. लीद म्हटल्याबरोबर आमच्या मुलींनी नाकं मुरडली. पण गंमत ऐका. माठ भाजताना ती लीद आणि भुसा जळून जातो, आणि जिथे जिथे तो होता तिथे बारीक पोकळी राहते. माठाला घाम येतो तो ह्या वाटांनी!

चाकावर माती चढली, काकांनी काठीने चाक फिरवलं आणि बघता बघता गळा वर आला. दोऱ्याने तो कापून खाली घेतला. आम्ही वाट बघतोय की आता माठ मोठा होईल. पण तो लहानच! शिवाय त्याला बूडच नाही! काका म्हणाले, "आत्ता कुठं निम्मा झालाय." चाकावरून उतरलेला माठ सावलीत थोडा सुकू देतात. मग आतून दगडाचा गोल गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटीने थापटायचं. थप, थप, थप! चिकटू नये म्हणून मधूनमधून राख लावायची. थापटता थापटता जाड भिंत पातळ होते, माठ फुगत जातो आणि खालचं तोंड मिटून बूड तयार होतं. एका मुलीने हौसेने थापटी हातात घेतली आणि पहिल्याच फटक्यात माठाच्या पोटात खळगा! काकांनी आतून दोन थापा मारून तो क्षणात सारखा केला.

आजी पलीकडे बसून वाळलेल्या माठांना काव लावत होत्या. लाल रंग उठून दिसतो तो ह्या कावेमुळे. काव म्हणजे मातीच, त्यामुळे तिने छिद्रं बुजत नाहीत. मी आजींच्या शेजारी जाऊन बसले. वीस रुपयांची गोष्ट कशी काढावी ते कळेना. शेवटी मी म्हटलं, "आजी, त्या दिवशी मी उगाच भाव केला." त्या म्हणाल्या, "समदेच करत्यात की बाई. तुमी निदान घरी तरी आलात." आणि काव लावत राहिल्या.

भाजायला भट्टी नसते, आवा असतो. जमिनीवर गोवऱ्या आणि पऱ्हाट्या पसरायच्या, त्यावर माठ रचायचे, पुन्हा गोवऱ्या, मग वरून काड आणि राख-मातीचं पांघरूण. एकदा पेटवला की आवा आतल्या आत धुमसत राहतो. असा आवा साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मातीच्या कणांमध्ये धरून ठेवलेलं पाणीसुद्धा ५००-६०० अंशांच्या आसपास निघून जातं, आणि मग त्या मातीचा पुन्हा कधी चिखल होत नाही. हवा मिळाली तर भांडं लाल होतं. कारण मातीत लोह असतं. धूर कोंडला तर तेच भांडं काळं निघतं. आवा उघडल्यावर काका प्रत्येक माठावर बोटाने टिचकी मारतात. टणटण वाजला तर पक्का. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, तो बाजूला.

थापटी पाहिल्यावर मला संत गोरा कुंभारांची कथा आठवली आणि तिथेच ओसरीवर मी ती मुलांना सांगितली. गोरोबाकाका तेरचे. तेर आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीची ही कथा अशी सांगतात. गोरोबांच्या घरी ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई अशी सगळी संतमंडळी जमली होती. छोट्या मुक्ताबाईने थापटी पाहून विचारलं, "काका, हे काय?" गोरोबा म्हणाले, "ह्याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं." "मग आमच्यात कोण कच्चं ते बघा ना!" झालं! गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटी मारू लागले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला, आणि गोरोबांनी निकाल दिला, की हे मडकं अजून कच्चं आहे. नामदेव रुसले, पण पुढे तेच विसोबा खेचरांना गुरू करायला गेले.

तेरला कधी गेलात तर तिथलं लामतुरे वस्तुसंग्रहालय जरूर पाहा. तेर म्हणजे फार जुनं तगर नगर. सातवाहनांच्या काळात ह्या नगराचा रोमशी व्यापार चालायचा. तिथे सापडलेली मातीची भांडी आणि भाजलेल्या मातीच्या बाहुल्या त्या संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्याहूनही मागे जायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी असलेली खापरं मिळाली. कुठल्याही भांड्याला झिलई नाही, पण भाजणी इतकी उत्तम की खापरावर टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या लोकांना आज अभ्यासक जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात. त्यांचा राजा कोण होता हे आपल्याला माहीत नाही. त्यांची ओळख राहिली आहे ती गावाच्या नावाने आणि मडक्यांमुळे.

घरी येताना माझ्याबरोबरच्या एका चौकस मुलीने विचारलं, "बाई, झिलई नसली की भांडं पाझरणारच का?" प्रश्न फार चांगला होता आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी शोधलं. उत्तर सापडलं ते थेट जपानमध्ये!

जपानच्या ओकायामा प्रांतात बिझेन नावाचा भाग आहे. तिथल्या इंबे गावात शेकडो वर्षांपासून झिलई न देता भांडी भाजतात. भाताच्या शेताखालून चिकट माती काढतात. तिच्यातही आपल्या मातीसारखं लोह असतं. डोंगरउतारावर बांधलेल्या भट्टीत भांडी रचतात आणि पाइन झाडाची लाकडं रात्रंदिवस घालत राहतात. किती वेळ? एक-दोन दिवस नव्हे, दहा दिवस ते दोन आठवडे! भट्टी १,२०० अंशांच्याही वर जाते. एवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट बसतात, छिद्रं मिटतात, आणि झिलई नसतानाही भांडं पाझरत नाही. फुलदाण्या, चहाचे पेले, पाण्याचे घडे अशी भांडी तिथे होतात.

आणि नक्षी? ती कोणी काढत नाही, आग काढते. लाकडाची राख उडून भांड्यावर बसते आणि वितळते, तेव्हा तीळ शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. त्याला तिथले लोक 'गोमा' म्हणतात. जपानी भाषेत गोमा म्हणजे तीळच! भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळतात. पेंढा जळून जातो आणि त्याच्या जागी तांबडे पट्टे उमटतात. आपल्या कुंभाराची लीद जळते आणि पाण्याची वाट ठेवून जाते. त्यांचा पेंढा जळतो आणि नक्षी ठेवून जातो. मला तर हे फारच आवडलं.

बिझेनच्या कानेशिगे तोयो नावाच्या कुंभारांना जपान सरकारने १९५६ मध्ये ज्या मानाने गौरवलं, त्याला लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. जुनी इमारत किंवा किल्ला ठेवा असतो, हे आपल्याला माहीत आहे. तिथे एका कुंभाराला, म्हणजे त्याच्या हातातल्या कलेला तो मान मिळाला. २०१७ मध्ये बिझेनसह जपानच्या सहा जुन्या कुंभारगावांना देशाचा वारसा म्हणूनही जाहीर केलं गेलं.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "म्हणजे आपले माठ नीट भाजलेले नसतात?" नाही रे बाबा! माठ १,२०० अंशांवर भाजला तर त्याचीही छिद्रं मिटतील आणि पाणी कोमटच राहील. शिवाय आपली माती एवढ्या उष्णतेत वाकून जाईल. ज्याचं जे काम, तेवढाच जाळ. कुंभारकाकांना पाझरणारंच भांडं करायचं असतं, आणि ते नेमकं कितपत पाझरावं हे त्यांना माती, लीद आणि गोवऱ्यांच्या हिशेबाने कळतं. त्यांच्याकडे तापमापी नाही, हे लक्षात घ्या.

आणखी एका माणसाबद्दल सांगते. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात मोहम्मद बाह अब्बा नावाचे शिक्षक होते. त्यांचं घराणं मडकी करणाऱ्यांचं. त्यांच्या भागात वीज नसलेली खेडी पुष्कळ होती आणि भाजी दोन-तीन दिवसांत सडून जायची. त्यांनी एका मोठ्या मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवलं, मधल्या जागेत ओली वाळू भरली आणि वरून ओलं फडकं झाकलं. वाळूतलं पाणी उडून जात राहतं आणि आतलं मडकं गार राहतं. एरवी तीन दिवस टिकणारी वांगी ह्या मडक्यात २७ दिवस राहिली! २००० साली त्यांना ह्या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ते वारले, पण त्यांचं मडकं आजही वापरलं जातं. हे ऐकताना मागच्या बाकावरचा आमचा मुलगा पुढे सरकून बसला होता. त्याने दोनदा विचारलं, "बाई, ते खरंच कुंभार होते? आणि शिक्षक पण?"

आता थोडं आई-बाबांसाठी. ह्या मुलाच्या घरी पुढे कोण चाक फिरवणार, हे काकांना विचारलं तर ते बोलत नाहीत. उन्हाळ्याचे तीन-चार महिने माठ, मग पोळ्याचे बैल, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी, असं वर्ष निघतं. रांजण आणि डेरे आता कोणी मागत नाही. लग्नकार्यात पाण्याचे जार येतात. २०१८ पासून खादी ग्रामोद्योग आयोगाने कुंभारांना विजेवर फिरणारी चाकं द्यायला सुरुवात केली, त्याने हाताचे कष्ट वाचतात. पण चाक विजेचं झालं तरी गाळ लागतो, आणि माठ घेणारं माणूसही लागतं. काका म्हणाले, "पोरगं शिकू द्या बाई. पण थापटी धरता आली पायजे त्याला, येवढंच."

मराठवाड्यात बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार माठाच्या छिद्रांत साचतात, बाहेरून पांढरी पुटं चढतात, आणि एक-दोन वर्षांत माठ गार पाणी द्यायचा थांबतो. नवा माठ आणला की आधी दिवसभर पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी झाडांना घाला. साबणाने घासू नका, साबण छिद्रांत जातो. माठ खिडकीशी, सावलीत, वारा लागेल असा ठेवा. खाली ओली वाळू असली तर फारच छान.

आमचा लाल माठ अजून शाळेत आहे. मोराच्या माठात आम्ही खडू आणि डस्टर ठेवतो. जून महिन्यात त्या मुलाने घरून चार लहान, तोंड फुटलेली मडकी आणली. शाळेच्या कुंपणाशी लावलेल्या कडुनिंबाच्या रोपांशेजारी आम्ही ती गळ्यापर्यंत पुरली. त्यांत पाणी भरून झाकण ठेवलं की माती जसजशी कोरडी होते, तसतसं पाणी पाझरत मुळांपाशी जातं. ही पद्धत फार जुनी आहे. चारांपैकी तीन रोपं जगली. चौथं शेळीने खाल्लं, त्याला मडकं तरी काय करणार!

त्याच आठवड्यात त्याने दप्तरातून थापटी आणली. मधल्या सुट्टीत मुलांनी गोरोबाकाकांचा खेळ मांडला. सगळे रांगेत बसले आणि तो एकेकाच्या डोक्यावर अलगद थापटी टेकवत निकाल देऊ लागला. कच्चं, पक्कं, कच्चं. ज्यांनी त्याला मडकं म्हणून चिडवलं होतं ते झाडून सगळे कच्चे निघाले. मी दारात उभी होते. मला म्हणाला, "बाई, बसा." मी बसले. त्याने थापटी टेकवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही निम्म्या भाजल्यात."

आता तुमच्यासाठी घरचा प्रयोग. मातीची दोन सारखी बोळकी घ्या. एकाला बाहेरून तेल किंवा मेण नीट चोपडा, दुसरं तसंच ठेवा. दोन्हींत सारखंच पाणी मोजून भरा, झाकण ठेवा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. चार तासांनी दोन्हींतलं पाणी पुन्हा मोजा आणि बोट बुडवून पाहा. कोणत्यातलं कमी झालं, कोणत्यातलं गार झालं, ते वहीत लिहा. कोकणातल्या आणि मुंबईच्या मित्रांनी तर हा प्रयोग जरूर करावा. तुमचे आकडे आणि आमच्या बीडचे आकडे शेजारी मांडून पाहायची मला फार उत्सुकता आहे.